पिंपरीची ठरलेली कुस्ती

दापोडी
ता. ४ फेब्रुवारी १९७३

हिंदुराव यास,

दापोडीहून हनीफ लालमहंमदचा सलाम. खुशाली विचारत नाही. दोन वर्षं विचारली नाही, आता एकाएकी विचारली तर तुलाही ते खोटं वाटेल.

पत्राला कारण असं, की काल पुण्याला फ्रीस्टाइल कुस्त्या बघायला गेलो होतो. तुमचीच कंपनी. पोस्टरवर ठळक अक्षरात 'बुखाऱ्याचा मल्ल सुलतान बेग'. म्हटलं, बघू तर खरं, आता कसा दिसतोस. घंटा झाली आणि हिरवा झगा घालून भलताच माणूस दोरांच्या आत आला. दाढी तुझी, झगा तुझा, पंचाकडे पाठ करून उभं राहायची रीतही तुझीच, पण माणूस दुसरा. आजूबाजूच्या लोकांना काही फरक पडला नाही. त्यांनी त्यालाही तुझ्याइतक्याच शिव्या घातल्या.

माझं मत विचारशील तर नव्या सुलतान बेगला काही येत नाही. छातीवर थाप मारतो तेव्हा आवाज हाताचा येत नाही, खाली फळीवर पाय आपटल्याचा येतो. मी तिसऱ्या रांगेत होतो, मला दिसलं. मानेवर कोपर मारायला गेला तर कोपर पोचायच्या आधी समोरचा पंजाबी आडवा. तू थाप मारायचास तेव्हा समोरच्याच्या छातीवर पाचही बोटं उठायची. निकाल ठरलेला असतो हे तूच मला सांगितलं होतंस, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. निकाल ठरलेला असेना, पण मार तरी खरा पाहिजे, असं मी तुला दर पत्रात लिहायचो. आठवत असेल.

म्हणजे तू कंपनी सोडलीस. का सोडलीस ते विचारणार नाही. तुझा ठावठिकाणा माहीत नाही, म्हणून हे तुझ्या थोरल्या भावाच्या गावच्या पत्त्यावर टाकतो. मिळालं तर मिळालं.

आमचा धाकटा नवाब बरा आहे असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, म्हणून लिहीत नाही. चाकणला अब्बांच्या सायकलीच्या दुकानात बसतो. उजव्या हाताची मूठ वळत नाही. खांद्यापासून हात लोंबतो. पंक्चर काढतो ते डाव्या हातानं आणि पायात टायर धरून. खेड तालुक्यात त्याच्या वयाचा जोड मिळत नव्हता, हे तुला मी सांगायला नको. चोवीस वर्षांच्या पोराला अम्मा भाकरी कुस्करून देते आणि तो मान खाली घालून खातो.

एवढंच कळवायचं होतं.

हनीफ


दापोडी
ता. १७ जून १९७३

हिंदुराव यास,

उत्तर आलं नाही. आलं असतं तरी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. पण एकदा लिहायला घेतलं की थांबवत नाही. तुला पत्र लिहायची सवय सात वर्षांची आहे, ती दोन वर्षांत कशी जाईल.

आज सुट्टी होती. लेथवर बोटाला कापलंय म्हणून चाकणला गेलो नाही. पडून होतो आणि रंगराव वस्तादांची तालीम आठवत होती. आपण दोघं एकाच दिवशी मातीत उतरलो. वस्तादांनी मला दोन वर्षं घोळवला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "हनीफ, तुझ्या अंगात कुस्ती न्हाई. डोळ्यांत हाय." पोरं हसली. तू हसला नाहीस. त्या दिवसापासून मी काठावर बसायचो आणि तू खेळून आलास की मी सांगायचो, सुरुवातीच्या खडाखडीत तुझा डावा पाय उशिरा येतो, ढाकेचा डाव लावताना मान वर राहते. तू ऐकायचास. मग दोघं आमच्या घरी यायचो आणि अम्मा तुझ्यापुढे माझ्याआधी ताट ठेवायची.

चौसष्ट साली तू मुंबईला जाऊन फ्रीस्टाइलवाल्यांत सामील झालास तेव्हा वस्तादांनी तुझं नाव घेणं सोडलं. तुझ्या भावानं सोडलं. मी एकटा उरलो. रजा टाकून मुंबईला आलो आणि तुझी पहिली कुस्ती बघितली. खरं सांगू का, मी बिघडलो तो त्या दिवशी. मातीत आवाज होत नाही, राव. माती सगळं पोटात घेते. तिथं फळ्यांवर ताडपत्री ताणलेली, वर दोन मण अडीच मणाचे गडी. एक पडला की आवाज माझ्या दातांत यायचा. मला वाटलं, कुस्ती असावी तर अशी, बसलेल्या माणसालाही लागणारी.

मग तुझ्या प्रत्येक कुस्तीनंतर मी मत लिहून पाठवायचो. कोल्हापूरच्या गड्याला तू तीनदा दोरांवरून फेकलंस ते जास्त झालं, एकदाच पण उशिरा फेकायला हवं होतं. नागपूरला तुझं कपाळ फुटलं ते खरं होतं का कोंबडीचं रक्त, ते मी विचारलं. तू लिहिलंस, "खरं होतं, मॅनेजरला सांगू नकोस, तो दर वेळी मागेल." ते पत्र मी आमच्या कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या शेजारच्या मशीनवर परभणीचा चिमाजी आहे. तो म्हणायचा, "हनीफभाई, सगळं ठरवून असतंय बघा ते. मातीतलं एखादं पोरगं तुमच्या बेगला दोन मिनिटांत आडवं करंल." त्याच्याशी मी वर्षभर बोललो नाही.

आणि मग एकाहत्तरच्या जानेवारीत तुमची कंपनी पिंपरीला आली. मैदानावर कनाती लागल्या. कर्ण्यावरून दवंडी, की सुलतान बेगसमोर आठ मिनिटं टिकणारा मल्ल या भागात असेल तर त्यानं यावं. तूच आदल्या आठवड्यात चाकणला आलास. आमच्या ओसरीवर बसून म्हणालास, ही कुस्ती नवाबला देऊ. पोराचं नाव होईल, आठ मिनिटं खेळायचं, बरोबरीत सोडायची, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. अम्मा म्हणाली, "तू हायस म्हटल्यावर मला काय भ्या न्हाई." हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

दोन दिवस तू त्याला तालमीत सगळं दाखवलंस. कुठली थाप पोकळ हातानं, कुठं पाठ टेकवायची, फळीवर पडताना हात कसे पसरायचे. मी बघत होतो.

कुस्तीबद्दल माझं मत तू विचारलं नाहीस. पण देतो. पहिली चार मिनिटं तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली होती. तू त्याला खेळवलंस, मोठा केलास. लोकांना वाटलं, हे पोर खरंच बेगला जड जातंय. पाचव्या मिनिटाला नवाबनं तुला खाली घेतलं. आणि मग तू त्याला पाठीवर घेऊन उठलास आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाच्या बाजूला उलटा टाकलास. ते ठरलं नव्हतं. मान आणि खांदा आधी खांबावर आणि मग फळीवर आला. मी तो आवाज ऐकलाय.

पंधरा दिवसांनी पुण्यात पोस्टर लागलं, 'चाकणच्या मल्लाचा हात निकामी करणारा सुलतान बेग'. त्यावर तुझा फोटो होता. त्या पोस्टरखाली तू सात महिने कुस्त्या खेळलास, हिंदुराव. मी मोजले.

हनीफ


दापोडी
ता. ९ डिसेंबर १९७३

हिंदुराव यास,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "पत्रं पोचली. नवाबची बोटं हलतात का ते कळव. चाचीला नमस्कार." खाली पत्ता नाही. शिक्का तळेगाव दाभाडेचा आहे, म्हणजे तू बारा कोसांवर पण नाहीस.

तीन वर्षांनी माणूस कार्ड लिहितो आणि त्यात चूक झाली म्हणून एक शब्द नाही. का नाही? मी एवढं लांबलचक लिहिलं, त्यातली एखादी गोष्ट तरी खोडून काढायची. खोटं आहे म्हणायचं. भांडायचं. तुझं हे गप्प राहणं मला सहन होत नाही. जो माणूस दोरांच्या आत एवढा बोलका होता त्याला कागदावर काय झालं?

चाचीला नमस्कार लिहायचा तुला अधिकार नाही. दवाखान्याच्या फाटकात तुला सांगितलं होतं, अम्माला तुझं तोंड बघायचं नाही. मोसंब्यांची पिशवी घेऊन उभा होतास. पाऊल वर टाकलंस तर हात मोडीन म्हटलं तेव्हाही गप्प. पिशवी ठेवायला लागलास, ती मी परत तुझ्या हातात दिली. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रंगराव वस्ताद गेल्या महिन्यात वारले. मी खांदा दिला. नवाबला देता आला नाही.

बोटं हलत नाहीत.

हनीफ


दापोडी
ता. २५ ऑगस्ट १९७४

हिंदुराव यास,

एक गोष्ट आहे, ती दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. नवाबला तर नाहीच. तू शत्रू आहेस म्हणून तुला सांगता येते.

परवा चिमाजीला घेऊन पुण्याला कुस्त्यांना गेलो. आमचं आता बरं आहे. त्याची बायको कौशल्याबाई माझा डबा देते. शेवटची कुस्ती एका सरदारजीची आणि एका काळ्या मुखवटेवाल्याची. कुस्ती साधी चालली होती, पण मधेच काहीतरी बिनसलं. मुखवटेवाल्याचं डोकं सरदारजीच्या नाकावर बसलं आणि ते ठरलेलं नव्हतं, हे मला लगेच कळलं. सरदारजीचे डोळे बदलले. त्यानंतर जे झालं ते खरं होतं. थापा पोकळ हाताच्या नव्हत्या. पंच मधे पडत होता आणि दोघंही त्याला ढकलत होते. लोकांना फरक कळला नाही. मला कळला. माझी मतं तुला माहीत आहेत. इतकी वर्षं मी हेच मागत होतो.

सरदारजीनं त्याला उचलून आपटला. मी उभा राहिलो आणि "वा" म्हणून ओरडलो. चिमाजीनं माझ्याकडे बघितलं. मग मी खाली बसलो. बाहेर येऊन भिंतीला धरून ओकलो. चिमाजीला वाटलं भजी बाधली.

हिंदुराव, पिंपरीला तू नवाबला पाठीवर घेऊन उठलास ना, तेव्हाही मी उभा राहिलो होतो. ती उचल मी इतक्या वर्षांत बघितलेली सगळ्यांत चांगली उचल होती. नवाब हवेत होता आणि मी टाळी वाजवली. माझा सख्खा भाऊ वर होता आणि मी टाळी वाजवली. तो पडल्यावर उठत नाही हे लक्षात यायला मला वेळ लागला. माझ्याआधी तू त्याच्यापाशी गुडघे टेकले होतेस. दाढी निघाली होती तुझी एका बाजूनं.

यामुळे तुझा गुन्हा कमी होत नाही. फक्त आता मी कुस्त्या बघायला जाणार नाही, एवढं कळवतो.

हनीफ


दापोडी
ता. २८ मार्च १९७५

हिंदुराव,

तुम्ही दोघांनी मिळून मला चांगला चीत केलात.

गेल्या सुट्टीला चाकणला गेलो. दुकानात बसलो होतो. समोरच्या हॉटेलातून चहा आला. नवाब आकाशवाणीच्या बातम्या ऐकत होता, माझ्याकडे लक्ष नव्हतं त्याचं. त्यानं उजव्या हातानं कप उचलला. थोडा सांडला, पण उचलला आणि प्याला. मग त्याला आठवलं की मी बसलोय. कप खाली ठेवायला गेला, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं.

मी विचारलं, "हे कधीपासून?"

"सहा महिनं झालं, भाई."

"कुणाचं औषध?"

त्यानं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "दर मंगळवारी तळेगावला जातो मी. हिंदुराव मालिश करतो."

तीन तास त्याला बोलता केला. तू तळेगावच्या एका कारखान्यात माल चढवतोस. सव्वा वर्षापूर्वी नवाब तुला शोधत आला. म्हणजे तळेगावच्या शिक्क्याचं तुझं कार्ड त्याच्याही हाती पडलं होतं, मी घरी गादीखाली ठेवलेलं. तू त्याला बसवलंस, तेल कोमट केलंस आणि वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे मानेपासून एकेक शीर मोकळी करायला घेतलीस. सव्वा वर्ष, दर मंगळवारी, पाळीवरून आल्यावर. पहिले आठ महिने काही फरक नव्हता, तरी तू सोडलं नाहीस. कंपनी का सोडलीस तेही त्यानं सांगितलं. नागपूरला एका गड्याला उचलायला गेलास आणि अर्ध्यातच त्याला खाली ठेवलास, मग पुन्हा कुणाला उचलताच आलं नाही. नवाब म्हणाला, "पोती उचलतो भाई तो, माणूस उचलवत न्हाई त्याला."

मला राग कशाचा आला माहीत आहे? माझ्या घरातलं माणूस सव्वा वर्ष माझ्या शत्रूच्या ओट्यावर बसतं, आणि मला सांगतात की टायरांची ऑर्डर द्यायला जातो. मी त्याला म्हटलं, तुझा हात ज्यानं घालवला त्याच्याकडेच हात घेऊन गेलास, लाज नाही वाटली? मी आणखीही बोललो. तू सात महिने त्या पोस्टरखाली खेळलास ते बोललो. ठरलेलं मोडलंस ते बोललो.

नवाब ऐकत होता. मग म्हणाला, "भाई, ठरलेलं मी मोडलं. आनि मला कुनी सांगितलं व्हतं मोडायला?"

दुकानात आम्ही दोघंच होतो तरी मी रस्त्याकडे बघितलं.

"हिंदुरावला ठावं हाय," तो म्हणाला. "पहिल्याच मंगळवारी सांगितलं मी त्याला. भाईनं सांगितलं व्हतं म्हनून. तो म्हनाला, मला तेव्हाच कळलं व्हतं."

म्हणजे माझी पत्रं तुला पोचत होती तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. ठरलेलं तू मोडलंस असं मी लिहिलं, ते तू वाचलंस. कार्डात मला नुसती बोटं विचारलीस, आणि डिसेंबरात मी तुला भांड म्हटलं, खोडून काढ म्हटलं, तरी एक ओळ पाठवली नाहीस.

तर आता मी लिहितो. तुला ठाऊक असलं तरी लिहितो, कारण मी ते कधी कुठल्या कागदावर उतरवलेलं नाही.

तालमीत तू नवाबला पडायला शिकवत होतास ते मला बघवलं नाही. वस्तादांच्या मातीत, जिथं आपल्याला पाठ न लावायला शिकवलं, तिथं तू माझ्या भावाला पाठ कशी टेकायची ते शिकवत होतास. मला चिमाजीचं बोलणं आठवत होतं. त्या संध्याकाळी मी नवाबला विहिरीवर गाठला आणि म्हटलं, चार मिनिटं तो सांगेल तसं खेळ. पाचव्या मिनिटाला पाय ओढून खरा पट काढ आणि त्याला चीत कर. बघू दे मला, त्याच्यात अजून किती पैलवान उरलाय. नवाब म्हणाला, हिंदुरावला शब्द दिलाय. मी म्हटलं, मी थोरला आहे.

त्यानं पट काढला. तू खाली आलास. तो तुझ्या पाठीवर बसला आणि मानेखाली हात घातला. नवाब सांगत होता, तू त्याच्या कानात म्हणालास, "नवाब, सोड, ठरलंय तेवढंच कर." दोनदा म्हणालास. लोक ओरडत होते, चीत कर, चीत कर. त्यांत माझाही आवाज होता. तो सोडेना. बुखाऱ्याचा मल्ल पिंपरीत हजारो माणसांसमोर एका सायकलवाल्याच्या पोराकडून चीत झाला असता तर तुझी भाकरी गेली असती. तू घाबरलास आणि उठलास. खांब मागे आहे हे तुला दिसलं नाही. मला दिसत होता. मी काठावर होतो, माझ्या तर डोळ्यांत कुस्ती होती.

तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. दवाखान्याच्या फाटकात माझी गचांडी धरून सांगायला हवं होतंस, की हे तुझं काम आहे हनीफ. तू सांगितलं नाहीस आणि मला चार वर्षं तुझ्यावर ओरडू दिलंस. त्याचाही मला राग आहे. कशाकशाचा राग धरू, कळत नाही.

नवाबनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. जाताना म्हणाला, अम्माला तू सांगशील का मी सांगू.

हनीफ


चाकण
ता. २ एप्रिल १९७५, सकाळ

हिंदुराव,

हे पत्र पोस्टानं येत नाही.

काल सुट्टी नव्हती, खाडा करून आलो. अम्मा ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विहिरीवरचं सगळं सांगितलं. ती सूप हलवत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मी पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाली, "कळलं मला. पुढं सांग."

मी म्हटलं, पुढं काही नाही.

ती म्हणाली, "हाय. दवाखान्यात मी रोज पुसत व्हते, हिंदुराव आला न्हाई का रं. तू म्हनायचास, तो कंपनीसंगं परगावी गेला, त्याला आता आपली गरज न्हाई. ते खरं का?"

मी नाही म्हटलं. फाटकातून मीच तुला दोनदा परत पाठवलं, तुझं तोंड बघायचं नाही असं तिच्या नावानं मीच सांगितलं, हे तिला सांगितलं. ईदच्या दिवशी तू घरापर्यंत आला होतास, तेव्हा ती आत शेवया करत होती आणि मी दारातच बोलून तुला वाटेला लावलं, तेही सांगितलं. तुझं नाव निघालं की ती एवढंच म्हणायची, "जेवला तेवढं तरी आठवायचं व्हतं त्यानं." चार वर्षं म्हणायची. मी ऐकून घ्यायचो.

तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. आज पहाटे उठून अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि नवाबला म्हणाली, मंगळवार नसला तरी चल, मला त्याचं घर दाव. मी चपला घालायला लागलो. ती म्हणाली, "तू दुकानात बस."

म्हणून मी दुकानात बसून हे लिहितोय. ती बाहेर उभी आहे, नवाब एस.टी. बघून आलाय. पत्र तिच्याच हातात देतो. तिला वाचता येत नाही आणि नवाब वाचून दाखवणार नाही, तसं मी त्याला सांगितलंय.

माफी मागायला हा कागद नाही. ती मागायला मला स्वतःला यावं लागेल आणि तू दारात उभा असशील, मोसंबी असोत नसोत, मी परतही पाठवला जाईन. ते मला मान्य आहे. तू माझ्याशी लबाडी केलीस असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो, ती सवय एका दिवसात जात नाही. काल पडल्या पडल्याही मनात तुझ्याशी भांडतच होतो.

अम्माला एस.टी. लागते. उतरल्यावर लगेच बोलणार नाही, आधी तिला बसू दे आणि पाणी दे. मग ती तुला विचारेल, तू किती वेळा आला होतास. फाटकात दोनदा आणि घरी एकदा, तीन वेळा. तू तिला एकदाच आलो म्हणशील, मला ठाऊक आहे. मला वाचवायला म्हणशील.

तसं करू नकोस. तीनच सांग.

हनीफ